नाचणाऱ्यांचे ऋण

आपल्या भाषेत ऋण हा शब्द सावकाराच्या वहीपुरता राहिलेला नाही. आईवडिलांचे ऋण, गुरूचे ऋण, मातीचे ऋण असे आपण सहज म्हणतो. आणि म्हणताना आपल्याला ठाऊक असते की, ही ऋणे फेडून संपत नाहीत, ती मान्य करायची असतात. ज्याने शिकवले, ज्याने वाढवले, ज्याने आजारपणात उशाशी रात्र काढली, त्याचे ऋण आपण मानतो. परंतु ज्याने आपल्याला नाचवले, त्याचेही ऋण असते, असे कधी आपल्या मनात येते काय? लग्नाच्या मंडपात, नाताळच्या रात्री, सणाच्या संध्याकाळी ज्या आवाजाने आपली पावले आपोआप ताल धरू लागली, त्या आवाजाच्या धन्याशी आपले काही नाते लागते काय? की पैसे मोजले, गाणे ऐकले, नाचलो आणि व्यवहार संपला? वरवर पाहता हा प्रश्न हलका वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. त्याचा विचार नुसत्या तत्त्वांच्या आधारे करण्याऐवजी एका गायिकेच्या कारकिर्दीच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे. त्या गायिकेचे नाव लोर्ना कोर्देरो.

1987 साली स्थापन झालेल्या आमच्या नाशिक धर्मप्रांतात नगरकडची मराठी कुटुंबे आहेत, तशीच वसईची, मुंबईची आणि गोव्याकडचीही आहेत. नाशिक रोड आणि देवळाली येथील धर्मग्रामांत ही सारी एकत्र नांदतात. त्यामुळे लोर्नाचे गाणे येथे परके नाही. लग्नाच्या स्वागतसमारंभात ‘बेबदो’ किंवा ‘पिसो’ ही कोकणी गाणी सुरू झाली की, खुर्च्यांवर बसलेली मंडळी उठतात. मराठी माणसाला त्यांतील शब्द अर्धेच कळतात. ताल मात्र पुरता कळतो. ‘नाचूंया कुंपासार’ या तिच्या गाण्याच्या नावातला ‘कुंपास’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणीत आला. त्याचा अर्थच ताल असा आहे. तालावर नाचू या, एवढेच ते नाव सांगते.

हा आवाज ज्या परंपरेतून आला, ती समजून घेतल्यावाचून आमचा प्रश्न नीट मांडता येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांना जोडून शाळा असत. तेथे ‘मेस्त्र’ म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. हे शिक्षण उपासनेसाठी होते. मिस्सा, लितानी आणि सणाचा नोव्हेना यांना गाणारे व वाजवणारे हात हवेत, एवढाच त्याचा हेतू. परंतु शिकलेली विद्या चर्चच्या आवारात कोंडून राहत नाही. पोटापाण्यासाठी घर सोडलेले गोव्याचे तरुण हीच विद्या घेऊन लष्कराच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या दरबारी, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत गेले. हिंदी चित्रपटांना वाद्यवृंदाची गरज भासू लागली, तेव्हा कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवणारे हेच लोक उपयोगी पडले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावे त्यांपैकीच. वेदीसाठी शिकलेले बोट नाचासाठी वाजले, यात त्या पिढीला काही विसंगत वाटले नाही. सकाळी मिस्सेत वाजवणारा माणूस रात्री लग्नात वाजवी, आणि दोन्ही ठिकाणी तो मनापासून वाजवी.

मडगावच्या बोर्डा भागातला ख्रिस पेरी हा या परंपरेतला थोर वादक आणि संगीतकार. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये त्याच्या हाती होती. जॅझची चाल आणि कोकणी मातीची लकब यांचा त्याने असा मिलाफ केला की, गोव्याचे गाणे त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाही. मुंबईत वांद्र्यात वाढलेली लोर्ना ऐन तारुण्यात त्याच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. तो काळ साठच्या दशकाचा. चर्चगेट भागातील उपाहारगृहांत त्या दिवसांत रात्री वाद्यवृंद वाजत असत. त्या रंगमंचांवर तिचा भरदार, किंचित खरखरीत आणि निर्भय आवाज गाजला, आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांतून तो गोव्यात घरोघरी गेला. संगीत पेरीचे, आवाज लोर्नाचा, अशी ती जोडगाणी झाली. मग सत्तरच्या दशकात हा आवाज थांबला. सुमारे दोन दशके लोर्ना गायली नाही. 1995 साली संगीतकार रॉनी मोन्सोरात यांच्या पुढाकाराने ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या बाईला ऐकायला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अलोट गर्दी लोटली.

ती का थांबली, याविषयी गोव्यात आणि मुंबईत पुष्कळ बोलले गेले आहे. ते आम्ही येथे उगाळणार नाही. हे न उगाळणे हाही आमच्या विषयाचाच एक भाग आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊ. येथे एवढेच लक्षात घ्यावे की, ती गप्प होती त्या सर्व वर्षांत आपण मात्र तिच्या गाण्यांवर नाचतच होतो. तबकडी फिरत होती, पुढे कॅसेट फिरू लागली. आवाज मंडपात होता आणि ज्या गळ्यातून तो निघाला तो मुका होता. या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात ती बाई कोठे असेल, कशी असेल, असा प्रश्न आला असेल? नाचणाऱ्याच्या ऋणाचा प्रश्न येथून सुरू होतो.

पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे. तो म्हणेल, ‘गायिकेला तिचे मानधन मिळाले, मी तबकडीचे दाम मोजले. मग देणे उरले कोणते?’ हे उत्तर सहज उडवून लावण्यासारखे नाही. साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाला, तो याच मुद्द्यावर. गाणे जितकी वर्षे विकले जाईल तितकी वर्षे त्यातला वाटा गाणाऱ्याला मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे. एकदा मानधन घेतले की गाणाऱ्याचा हक्क संपला, असे रफीसाहेबांचे म्हणणे. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले आणि पुढे ते पुन्हा एकत्र गायले. रफीसाहेब लोभी नव्हते. उलट त्यांच्या भूमिकेत एक निरिच्छ सज्जनपणा होता. तरीही आम्हांला लताबाईंची बाजू अधिक न्यायाची वाटते. सुताराने खुर्ची विकली की ती खुर्ची त्याच्यापासून सुटते. आवाज गाणाऱ्यापासून असा सुटत नाही. तबकडीवर जे उमटते ते त्या माणसाचा श्वास आहे, त्याचे वय आहे, त्या दिवशीचे त्याचे मन आहे. ते एकदा विकून पुरते हातावेगळे होणारी वस्तू नव्हे.

कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. आपला कॉपीराइट कायदा 1957 सालचा. त्यात गीतकाराचा, संगीतकाराचा आणि तबकडी काढणाऱ्याचा हक्क होता. गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क नव्हता. कलावंताचा स्वतंत्र हक्क 1994 च्या दुरुस्तीने आला आणि व्यापारी वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात त्याला वाटा देणारी तरतूद 2012 च्या दुरुस्तीने. म्हणजे लोर्नाने आपली गाजलेली गाणी गायली त्या काळात, गाणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेला दिसतच नव्हती. कायद्याला जे दिसत नाही ते समाजालाही दिसू नये, असा नियम मात्र नाही. न्याय हा कायद्याच्या आधी जन्मतो; कायदा मागाहून धापा टाकीत येतो.

मराठीत किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो; पण त्यांत अंतर आहे. किंमत देऊन संपते, मोल देऊन संपत नाही. तिकिटाची किंमत आपण देतो. त्या रात्री म्हाताऱ्या आजीने नातवाचा हात धरून दोन पावले टाकली, तिचे मोल कोणत्या खिडकीवर भरायचे?

दुसरे उत्तर गंभीर प्रकृतीच्या माणसाचे. तो म्हणेल, ‘भक्तिगीताचे ऋण मी मानीन; नाचाचे गाणे ही करमणूक, तिचे कसले ऋण?’ आपल्या कुटुंबांत हे मत बरेच रुजलेले आहे. परंतु पवित्र शास्त्रातला दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला आणि त्याला हसणाऱ्या मीखलची बाजू शास्त्राने घेतली नाही, हे आपण वाचलेले असते. शिवाय ज्याला आपण हलके गाणे म्हणतो ते खरोखर हलके असते काय? ‘बेबदो’ म्हणजे दारुडा. ज्या घरात दारू शिरली त्या घराचे दुःख आपल्या धर्मग्रामांत कोणाला नवे आहे? ‘पिसो’ म्हणजे वेडा. ज्या शब्दांनी घरात डोळ्यांना पाणी यावे, त्यांवर सारा मंडप ताल धरतो. दुःखाला ताल सापडला की ते एकट्याचे राहत नाही. दहाजण मिळून ते उचलतात. रडणे बहुधा एकट्याने होते, नाचणे सोबतीने होते. नवऱ्यामुलीकडचे आणि नवऱ्यामुलाकडचे, पगारदार आणि रोजंदारीवाले, वसईचे आणि नगरचे असे सगळे एका तालात पाच मिनिटे चालतात, हे लहान काम नव्हे. ज्या गळ्याने हे घडवले, त्याला करमणूक म्हणून बाजूला सारणे हा कृतघ्नपणाच आहे.

पण या दुसऱ्या उत्तराच्या तळाशी एक अधिक अवघड गोष्ट दडलेली आहे, आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. नाचाचे गाणे आपल्याला हवे असते. नाचाचे गाणे गाणारी मुलगी आपल्या घरात नको असते. चर्चच्या गायकवृंदात गाणाऱ्या मुलीचे आपण कौतुक करतो. तीच मुलगी ऑर्केस्ट्रात गायला निघाली की घरात आवाज बदलतात. रात्री किती वाजता येणार? कोणाबरोबर येणार? लोक काय म्हणतील? उद्या स्थळ कसे येईल? यांतले काही प्रश्न काळजीचे असतात आणि आईबापांना ते विचारण्याचा अधिकार आहे. परंतु काही प्रश्न काळजीचे नसतात, तुच्छतेचे असतात. आणि त्या तुच्छतेचा उगम विचित्र आहे. ज्या लोर्नाच्या गाण्यावर आपण लग्न साजरे करतो, तिच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलीचे लग्न जमणार नाही, अशी भीती आपण त्याच मंडपात उभे राहून व्यक्त करतो.

रुपयांच्या थैल्यांचा प्रभूने सांगितलेला दाखला आपण नेमाने ऐकतो. धन्याने दिलेले धन एका चाकराने भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवले आणि त्याला त्याचा जाब द्यावा लागला. या दाखल्यावर प्रवचने पुष्कळ होतात. पण त्यांत दोष नेहमी त्या चाकराला लागतो. देणगी पुरणारे हात प्रत्येक वेळी देणगी मिळालेल्याचेच असतात काय? कित्येक मुलींच्या गळ्यावर माती टाकणारे हात घरच्यांचे असतात, नातलगांचे असतात, नियमांचे आणि कुजबुजीचे असतात. त्या मातीचा जाब कोण देणार, हा प्रश्न या दाखल्याच्या प्रकाशात आपण स्वतःला विचारायला हवा.

तिसरे उत्तर उदासीन माणसाचे. तो म्हणेल, ‘लोकप्रियता ही अशीच असते, आज डोक्यावर, उद्या विस्मरणात. त्याला आपण काय करणार?’ हे सर्वत्र घडते, हे खरे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषा बोलणारा मोठा समाज आहे. तेथल्या माँट्रियल शहराची फ्रान्स जोली ही मुलगी 1979 साली वयाच्या सोळाव्या वर्षी एका डिस्को गाण्याने अमेरिकाभर गाजली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात शिकागो शहरातील एका मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्याचा जाहीर कार्यक्रम झाला. ज्यावर काल नाचले तेच आज फोडून टाकण्यात लोकांना आनंद वाटला. पुढे 1990 च्या सुमारास मार्था वॉश या अमेरिकन गायिकेचा आवाज नाचाच्या गाण्यांत वापरला गेला आणि चित्रफितींत ओठ हलवताना दुसऱ्याच तरुणी दाखवल्या गेल्या. आवाज हवा होता, आवाजाची बाई नको होती. तिने न्यायालयाचे दार ठोठावले, आणि गाणाऱ्याचे नाव छापले जाण्याच्या रीतीला त्या लढ्याने बळ आले.

दूर कशाला जावे? नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 1951 साली ‘अलबेला’ला संगीत दिले. त्यातील नाचाच्या गाण्यांत गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार वाजवत होते. पडद्यावरही ते दिसतात. त्यावर नाचणाऱ्या भगवानदादांची पावले साऱ्या देशाने उचलली. तेच भगवानदादा जुहूचा बंगला गमावून दादरच्या चाळीत राहिले आणि 2002 साली तेथेच वारले. सर्वत्र घडते म्हणून ते योग्य ठरत नाही. लोकप्रियता वाऱ्यासारखी असेल; कृतज्ञता मात्र वारा नव्हे, ती मनुष्याच्या हातातली गोष्ट आहे.

तेव्हा ऋण आहे, असे मानले तर ते मान्य करायचे कसे? आम्हांला चार गोष्टी सुचतात.

पहिली, नावाची. गाणे कोणाचे, गायले कोणी, वाजवले कोणी हे सांगावे. गाणे लावणाऱ्याने ध्वनिक्षेपकावरून एक वाक्य अधिक बोलले तर समारंभाचा खोळंबा होत नाही. दुसरी, दामाची. धर्मग्रामाच्या सणाला किंवा लग्नाला गाणाऱ्या, कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांशी घासाघीस करताना आपण जेवणावळीच्या ताटाशी तशी घासाघीस करीत नाही, हे आठवावे. ‘आपलाच मुलगा आहे, काहीतरी देऊ’ यातले ‘काहीतरी’ बहुधा फारच थोडे असते. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, ही प्रभूची शिकवण गाणाऱ्याला वगळून सांगितलेली नाही.

तिसरी गोष्ट खाजगीपणाची. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या आयुष्यांवर सैलपणे बेतलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा कोकणी चित्रपट 2014 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. त्या चित्रपटाने एक मोठे काम केले: पेरींची गाणी ज्यांनी ऐकली नव्हती अशा पिढीच्या कानांवर ती घातली, आणि मागे राहिलेल्या अनेक वादकांची आठवण जागवली. चित्रपटाला कथा लागते, आणि कलावंताने ती कल्पनेने रचली यात गैर नाही. परंतु थिएटरातून बाहेर पडताना आपण गाण्यांविषयी बोलतो की त्या दोघांमध्ये ‘खरे काय घडले’ याविषयी, ही कसोटी प्रेक्षकाची आहे. गायिकेने आपल्याला तिचे गाणे दिले. तिचे दुःख दिलेले नाही. जे दिले नाही ते घेणे याला सातव्या आज्ञेत एक साधा शब्द आहे. जी व्यक्ती स्वतः बोलत नाही तिच्या वतीने आपण बोलू नये, एवढा मान तर अनोळखी माणसालाही देतात. मग जिने आपले सण उजळले, तिला का देऊ नये?

चौथी गोष्ट वयाची. 1995 साली मिरामारला जमलेल्या लोकांनी एक चांगली गोष्ट केली असे आम्ही समजतो. वीस वर्षांनी परतलेला आवाज त्यांनी आपला म्हणून स्वीकारला. आपण बहुधा गाणाऱ्याला त्याच्या तारुण्याच्या तबकडीशी ताडून पाहतो आणि फरक पडला की हळहळतो. मनुष्याचा आवाज मनुष्याबरोबर म्हातारा होतो. तबकडी होत नाही. आपण तबकडीवर प्रेम करतो की माणसावर, हे अशा वेळी कळते. आपल्या धर्मग्रामांत वर्षानुवर्षे ऑर्गन वाजवलेले, गायकवृंद घडवलेले वृद्ध आज मागच्या बाकांवर बसतात. त्यांना सणाच्या दिवशी एक गाणे म्हणायला सांगावे. सूर थोडा हलला तरी हलू द्यावा.

यावर कोणी म्हणेल की, गाणाऱ्यालाही गाण्यातून आनंद मिळालाच. मग ऋण एकतर्फी कसे? ते एकतर्फी नाहीच. ऐकणारे नसते तर गाणारी कोणासाठी गायली असती? देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांचे काही लागतात, आणि दोघेही त्या पहिल्या देणाऱ्याचे देणे लागतात, ज्याने कुणाला गळा दिला आणि कुणाला पाय. पण आपले देणे परस्पर देवाच्या खाती टाकून माणसाला मोकळे सोडणे, ही पळवाट झाली. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. दहाही जण आनंदाने आपापल्या वाटेने गेले. एकच परत आला. उरलेल्या नऊजणांनी काही चोरले नव्हते, कोणाला दुखवले नव्हते. त्यांनी फक्त मागे वळून पाहिले नाही. प्रभूने विचारले ते त्या नऊजणांविषयी.

नाचणारा माणूस त्या नऊजणांसारखा असतो. त्याला नुकताच आनंद मिळालेला असतो आणि आनंदात मागे वळून पाहणे सुचत नाही. म्हणून ते मुद्दाम शिकावे लागते. घरात एखादी मुलगी भांडी घासताना गुणगुणत असेल, तर ते शिक्षण तिच्यापासून सुरू करता येईल. तिला काय गायचे आहे, ते एकदा विचारावे. आणि उत्तर ऐकून लगेच लोकांची आठवण काढू नये.